फिजिओथेरपिस्टचा अंगठा, कंबर आणि दिवसभराचा हिशेब

प्रश्न : फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला लागून दोन-अडीच वर्षं झाली. सकाळी वॉर्डात पक्षाघाताचे आणि हाडांच्या शस्त्रक्रियेचे पेशंट, दुपारनंतर ओपीडीत बहुतेक हातांचं काम. काही महिन्यांपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते. पाठ सरळ ठेवायची, गुडघ्यात वाकायचं, हे सगळं मी पाळतो. तरी दुखतं म्हणजे माझी पद्धत चुकतेय का? कोणते व्यायाम करू? की शाखाच बदलू?

उत्तर :

पद्धत थोडीफार चुकत असेलही, पण दुखण्याचं मूळ तिथे नसावं. तुमच्या तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की शरीर नीट वापरलं तर ते दुखणार नाही. आपल्या व्यवसायात हा समज इतका मुरलाय की कुणी त्यावर शंकाही घेत नाही. माझ्या मते आपली बहुतेक दुखणी मात्रेची असतात. दिवसभरात अंगठ्यावर आणि कमरेवर किती भार पडला, सलग किती वेळ पडला आणि मध्ये सावरायला किती अवधी मिळाला, यावर सगळं ठरतं. पेशंटला व्यायाम देताना आपण तीव्रता, वारंवारता, विश्रांती सगळं लिहून देतो. आपल्या स्वतःच्या अंगठ्याला दिवसभर जो व्यायाम घडतो, तो मात्र कुणीच लिहून दिलेला नसतो.

तुम्ही एकटे नाही, हेही सांगते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका सर्वेक्षणात ९१ टक्के फिजिओंनी आयुष्यात कधी ना कधी कामामुळे स्नायू-सांध्यांचं दुखणं झाल्याचं सांगितलं. दर सहांतल्या एकाने त्यापायी कामाचं क्षेत्र बदललं होतं किंवा व्यवसायच सोडला होता. अमेरिकेत २००८ साली आलेल्या अभ्यासात फिजिओंना वर्षभर मागोवा ठेवून पाहिलं, तेव्हा त्या एका वर्षात साधारण पाचांतल्या एकाला नवं दुखणं जडलं. धोका कशाने वाढला? पेशंटला एका जागेवरून दुसरीकडे नेणं (ट्रान्सफर), बेडवर सरकवणं, वाकून किंवा पिळलेल्या स्थितीत काम, सांध्यांचं मोबिलायझेशन (हातांनी सांधा लयीत दाबून-हलवून मोकळा करणं), सॉफ्ट टिश्यूचं म्हणजे स्नायू आणि मऊ ऊतींवरचं काम, आणि कामाचा मानसिक ताण. तुमची सकाळ आणि दुपार दोन्ही या यादीत बसतात. वयाची गोष्टही तुम्हाला लागू आहे. पहिली दुखापत बऱ्याच जणांना नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच होते. त्या काळात उत्साह असतो, जड पेशंट नव्या माणसाच्या वाट्याला येतात आणि ‘नाही’ म्हणायची सोय नसते.

ज्या चमूने ऑस्ट्रेलियातलं सर्वेक्षण केलं, त्यांनीच पुढे काही फिजिओंच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यातून दिसलं ते मला आकड्यांपेक्षाही खरं वाटतं. आपल्याला शरीरशास्त्र कळतं, त्यामुळे आपल्याला काही होणार नाही असं फिजिओंना वाटत होतं. झालंच, तर ते लपवण्याकडे कल होता, कारण पाठीच्या तज्ज्ञालाच पाठदुखी म्हणजे त्याच्या ज्ञानावरच प्रश्नचिन्ह. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यात पुन्हा चांगला फिजिओ म्हणजे राबणारा, पेशंटसाठी झिजणारा, ही प्रतिमा. दुखणं सांगितलं की आपण आळशी ठरू ही भीती खोटी नसते, काही विभागांत तसं ठरवलंही जातं. मधल्या सुट्टीत एकमेकांची मान दाबून देणारे आणि दुपारी पुन्हा तेच काम करणारे सहकारी तुम्हीही पाहिले असतील.

आता ‘पाठ सरळ, गुडघ्यात वाका’ याकडे येऊ. वजन उचलण्याच्या प्रशिक्षणाने कामगारांची पाठदुखी टळते का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला होता. २०११ च्या आवृत्तीचा निष्कर्ष असा की नुसत्या प्रशिक्षणाने काय किंवा त्याला साधनांची जोड देऊन काय, पाठदुखी कमी झाल्याचं दिसत नाही. हे पचायला जड जातं, कारण असं प्रशिक्षण देणारे बहुतेकदा आपणच असतो. पण थोडा विचार केला की उलगडतं. उचलण्याची शास्त्रशुद्ध रीत खोक्यासाठी बनलेली आहे. खोक्याला धरायला कडा असतात, त्याचं वजन मध्यावर असतं, ते घाबरून तुमच्या गळ्यात पडत नाही. पक्षाघाताचा पेशंट उठता उठता गुडघ्यात मोडतो तेव्हा तुमचा पवित्रा पुस्तकातला राहत नाही, राहूही शकत नाही.

आकड्यांतच बघा. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या सूत्रात आदर्श परिस्थितीत हाताने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. त्याच संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हे सूत्र पेशंट हाताळण्याला लावून पाहिलं आणि मर्यादा ३५ पौंडांवर, म्हणजे सुमारे १६ किलोंवर आणली. तीही पेशंट सहकार्य करतोय, भार अंगाजवळ आहे आणि पिळणं-वळणं नाही, असं धरून. माणसाचा एक अख्खा पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के असतो. म्हणजे १०० किलोच्या पेशंटचा एक पाय गुडघा सरळ ठेवून तुम्ही हातांवर तोललात की मर्यादा तिथेच संपली. पूर्ण माणूस उचलण्याची गोष्ट तर दूरच. गुडघा बदललेल्या पेशंटचा पाय दिवसभरात किती वेळा उचलून धरता आणि किती वेळ, हे एकदा मोजून पाहा.

म्हणून पहिलं काम व्यायामाचं नव्हे, मोजण्याचं. एक आठवडा छोटी वही खिशात ठेवा. पेशंटांची संख्या लिहू नका, तिचा फारसा उपयोग नाही. शरीराने काय केलं ते लिहा : अंगठ्याने दाबण्याचं काम किती मिनिटं, ट्रान्सफर किती आणि त्यात मदतीला कोण होतं, वाकून धरून ठेवण्याचं काम किती, जमिनीवर गुडघे टेकून किती. दुखणं कुठल्या कामात उठतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती उरतं, तेही लिहा. माझा अनुभव असा की दुखण्याचा मोठा वाटा दोन-तीन ठरावीक कामांतून येतो आणि ती कामं बहुतेकदा एकापाठोपाठ एक लागलेली असतात. ते एकदा कागदावर दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं, स्वतःशीही आणि वरिष्ठांशीही.

अंगठ्यावर जरा जास्त बोलते, कारण आपल्या व्यवसायाची खास दुखापत हीच आहे आणि तिच्याकडेच सगळ्यांत उशिरा लक्ष जातं. कण्यावर मॅन्युअल थेरपी म्हणजे हातांनी उपचार करणाऱ्या ऑस्ट्रेलियन फिजिओंच्या एका सर्वेक्षणात ८३ टक्क्यांनी अंगठा दुखल्याचं सांगितलं होतं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा खोगिरासारख्या बाकाचा. चौफेर हालचाल मिळावी म्हणून तो सैल घडवलेला आहे, स्थैर्य अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर सोपवलेलं. चिमटीच्या टोकाला १ किलो बल लावलं तर मुळाच्या सांध्यात साधारण १२ किलोचा दाब तयार होतो, हे कूनी आणि चाओ यांनी १९७७ साली गणिताने दाखवलं. दाबताना अंगठ्याची ठेवण चिमटीपेक्षा वेगळी असते, त्यामुळे हा गुणाकार जसाच्या तसा लावता येणार नाही. पण टोकाचं बल मुळाशी पोचताना किती फुगतं याचा अंदाज येतो. कण्यावर जोरकस मोबिलायझेशन करताना टोकालाच १०० न्यूटनपेक्षा (सुमारे १० किलो वजनाइतक्या भारापेक्षा) जास्त बल सहज जातं, आणि ते एकदा नाही, लयीत, मिनिटा-दोन मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये.

दाबताना अंगठ्याकडे नीट बघा. मधला सांधा मागे वाकून कमान होते का? टोकाचा सांधा पांढरा पडून उलटा वळतो का? तसं होत असेल तर भार हाडांच्या रांगेतून न जाता अस्थिबंधांवर लटकतोय. ज्यांचे सांधे मुळातच लवचीक आहेत त्यांच्यात हे जास्त दिसतं, आणि त्यांनी अंगठा हे मुख्य हत्यार ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्नायू कमावून ती कमान थोडी आवरते, पण दिवसाच्या शेवटी थकल्यावर पुन्हा उलटते.

मग दाबायचं कशाने? तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने, मनगटाजवळच्या वाटाण्यासारख्या हाडाने, मुठीच्या सांध्यांनी, कोपराच्या खालच्या पुढच्या हाताने. कोपर वापरताना संवेदना कमी मिळते आणि बल पटकन वाढतं, म्हणून ते मोठ्या, मांसल भागांपुरतं ठेवा. नितंबाच्या स्नायूंना कोपर चालतो, मानेला नाही. अंगठा वापरायचाच असेल तर दुसऱ्या हाताच्या तळव्याने त्याला वरून आधार द्या. खालचा अंगठा फक्त जागा सांगेल, जोर वरचा हात देईल. मोबिलायझेशनसाठी बेल्ट आणि पाचर आहेत. खुबा, खांदा, गुडघा अशा मोठ्या सांध्यांना बेल्टने जो खेच मिळतो तो हातांनी कधी मिळत नाही, आणि हात मोकळे राहतात. धातूची किंवा प्लास्टिकची हत्यारं सरसकट सुरक्षित समजू नका. पातळ हत्यार घट्ट पकडून घासत बसलात तर दाबण्याचा भार चिमटीच्या भारात बदलतो, आणि तो मुळाच्या सांध्याला आणखी वाईट. जाड मुठीचं, सैल पकडीत चालणारं हत्यार घ्या.

याहून महत्त्वाचं, बल कुठून येतं ते पाहा. प्लिंथ म्हणजे उपचाराचं टेबल उंच असलं की आपण बोटांनी आणि खांद्यांनी ढकलतो. दाबण्याच्या कामाला ते मांडीच्या वरच्या भागापर्यंत खाली आणा, कोपर जवळजवळ सरळ ठेवा आणि धडाचं वजन पुढे झुकवा. हात-पाय धरून व्यायाम करून घेताना, बँडेज बांधताना किंवा मोजमाप घेताना तेच टेबल कमरेपर्यंत वर न्या. म्हणजे एकाच पेशंटमध्ये उंची दोन-तीनदा बदलावी लागते. हे पटकन होणार नसेल, टेबल हाताने फिरवायच्या दांड्याचं किंवा एकाच उंचीचं असेल, तर कुणीच बदलत नाही, मग त्याला कितीही प्रशिक्षण दिलेलं असो. विभागात पैसे एकाच वस्तूवर खर्च करता येणार असतील तर मी पायाने चालणारं विद्युत टेबल मागेन, दुसरं काही नाही. तोवर स्थिर पायपीठ, गुडघा टेकायला टेबलाची कड, चाकांचं स्टूल यांवर भागवा. आणि टेबलाला वळसा घाला. पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचायला वाकून लांबायचं, ही सवय मला जवळजवळ प्रत्येक नव्या फिजिओत दिसते. चार पावलं चालायला तीन सेकंद लागतात.

आणि एक प्रश्न जो तंत्राच्या चर्चेत राहून जातो : हे दाबणं पेशंटला हवंच आहे का? ब्रिटनच्या नाइस या संस्थेची कंबरदुखीवरची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा. त्यांत मॅनिप्युलेशन (सांध्याला हलका झटका देणं), मोबिलायझेशन, सॉफ्ट टिश्यूचं काम या सगळ्यांचा विचार व्यायामासह दिल्या जाणाऱ्या उपचाराचा भाग म्हणूनच करायला सांगितलंय, एकटं नाही. म्हणजे वीस मिनिटं दाबून शेवटच्या दोन मिनिटांत व्यायामाचा कागद हातात देणं पेशंटलाही फारसं हिताचं नाही. पेशंट दाबून घ्यायलाच येतात, हात लावला नाही तर नाराज होतात, हे मान्य. पण पाच-सात मिनिटं नेमकं हातांचं काम करून वेदना कमी करायची आणि वेदना कमी असेल तेवढ्याच अवधीत पेशंटला हलायला लावायचं, असा क्रम लावला तर नाराजी फार टिकत नाही. ज्यांना हे अशक्य वाटतं त्यांनी आधी निम्म्या पेशंटांवर करून पाहावं.

तुमच्या अंगठ्याचं आत्ता काय करायचं? आधी निदान, आणि ते स्वतः स्वतःचं करू नका. मुळाचा सांधा दाबून फिरवल्यावर दुखतं, की अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वळवल्यावर मनगटाच्या कडेला कळ येते, हे वेगळं करायला हवं. पहिलं सांध्याचं, दुसरं बहुधा डी क्वेर्वेनचं, म्हणजे अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाचं, आणि दोन्हींची वाट वेगळी आहे. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातल्या नसेकडे पाहावं लागेल. सांध्याचंच दुखणं निघालं तर काही आठवडे अंगठ्याने दाबणं पूर्ण बंद, ‘कमी’ नव्हे. कामाच्या वेळी अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा छोटा स्प्लिंट वापरा. सोबत अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि पहिल्या दोन हाडांमधल्या स्नायूंचा हळूहळू वाढणारा व्यायाम. ओरिगामीसारख्या नाजूक कामांचा छंद किंवा तासन्‌तास फोनवर अंगठ्याने टंकणं असेल तर तोही हिशेबात धरा. अंगठ्याला नोकरीचं काम आणि घरचं काम यांतला फरक कळत नाही.

कंबरेचं वळण वेगळं आहे. तिथे दोन गोष्टी एकत्र काम करतात, अचानकचा मोठा भार आणि लांबलेलं हलकं वाकणं. ट्रान्सफरकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आयसीयूत बेडच्या कठड्यावरून ओणवं होऊन छातीचा व्यायाम करून घेणं मात्र ‘हलकं काम’ म्हणून सुटतं. पेशंटला हात लावण्याआधी बेड वर घेणं, आपल्या बाजूचा कठडा खाली करणं, ब्रेक तपासणं आणि पेशंटला आपल्या कडेला सरकवून घेणं ही चार कामं सवयीची झाली पाहिजेत. पेशंटला सरकवायचं ते स्लाइड शीटवर, म्हणजे घसरणाऱ्या कापडावर. चादरीला धरून ‘एक, दोन, तीन’ करत ओढणं अजून सगळीकडे चालतं, आणि त्यात खांदा आणि कंबर दोन्ही जातात.

ट्रान्सफरच्या आधी पेशंटला बेडवरच थोडं तपासून घ्या. आधाराशिवाय बसून तोल सांभाळतो का, बसल्या जागी गुडघा सरळ करून पाऊल हलवतो का, स्वतः ढुंगण उचलून उभा राहतो का, उभ्याने जागच्या जागी पाऊल टाकतो का. पहिल्या दोनांत अडला तर त्याला तुमच्या हातांवर उभं करायचं नाही, हॉइस्ट म्हणजे झोळीत उचलणारं यंत्र घ्यायचं. तिसऱ्यावर अडला तर उभं करणारं साधन. काल चालला होता म्हणून आज चालेल, हे गृहीत धरू नका. औषध बदललेलं असतं, रात्र जागलेली असते. आणि पेशंटच्या कमरेला बांधायचा ट्रान्सफर बेल्ट उचलण्यासाठी नसतो. पेशंटचा तोल सांभाळायला आणि त्याला दिशा द्यायला तो पकड देतो. त्याने माणूस वर ओढायला लागलात तर भार तोच राहिला, फक्त हाताला मूठ मिळाली.

हॉइस्ट म्हटलं की आपल्या लोकांचा ठरलेला आक्षेप येतो : मशीनने उचललं तर पेशंट स्वतः कधी शिकणार? मला हा आक्षेप उलटा वाटतो. छताच्या किंवा चौकटीच्या हार्नेसमध्ये पेशंट सुरक्षित लटकलेला असेल तर त्याला तुम्ही लवकर उभं करू शकता, जास्त वेळ उभं ठेवू शकता, पाय चुकीचा पडला तरी पुढचं पाऊल टाकू देता. तुम्ही पडण्याच्या धास्तीत त्याला घट्ट कवटाळलंत तर तो तुमच्या अंगावर झुकायलाच शिकतो. खरी अडचण वेगळी आहे. हॉइस्ट दूरच्या खोलीत असतो, त्याची बॅटरी संपलेली असते, योग्य मापाची झोळी सापडत नाही. कॉक्रेनच्या त्या आढाव्यात साधनांची जोड देऊनही फरक का दिसला नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं. साधन पेशंटच्या बेडपासून हाताच्या अंतरावर नसेल तर ते कागदावरच राहतं. आणि पेशंट पडायलाच लागला तर झेलायचा प्रयत्न करू नका. जवळ घेऊन, त्याचं डोकं सांभाळत, आपल्या मांडीवरून हळूच जमिनीवर उतरवा. त्याहून चांगलं म्हणजे चालवताना मागून कुणीतरी चाकांची खुर्ची घेऊन यावं.

लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांना वाटतं आपले पेशंट हलके, आपल्याला काय होणार. त्यांची दुखणी जमिनीवरून उठ-बस आणि गुडघ्यांवर तासन्‌तास बसणं यांतून येतात. जाड चटई, कमी उंचीचं स्टूल आणि शक्य तेवढं काम टेबलावर आणणं एवढं पुरतं. मान आणि खांद्यांसाठी नोंदी लिहिण्याची जागा बघा. दोन पेशंटांच्या मधली विश्रांती आपण लॅपटॉपवर मान घालून घालवतो, ती विश्रांती नसते.

वेळापत्रकाचा मुद्दा वरिष्ठांकडे न्यावा लागेल, आणि तिथे वही कामाला येते. ‘काम जास्त आहे’ असं म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. ‘माझ्या सकाळच्या सहा ट्रान्सफरपैकी चार मी एकट्याने करतो, आणि ते झाल्यावर लगेच तीन पेशंट सलग मोबिलायझेशनचे असतात’ असं सांगा. मागा काय? दोन जड कामांच्या मध्ये एक हलका पेशंट, म्हणजे व्यायामाची उजळणी किंवा तपासणी. दोन माणसांचे ट्रान्सफर एका ठरलेल्या तासात, म्हणजे मदतनीस नक्की मिळेल. हातांच्या कामाचे पेशंट दोघा-तिघांत वाटून. यात फारसा पैसा लागत नाही, पण कुणाला तरी वेळापत्रक पुन्हा मांडावं लागतं. सतत घाई, वर कशावरच आपलं नियंत्रण नाही, हे दोन्ही एकत्र आले की दुखणं वाढतं. २००८ च्या त्या अभ्यासात मानसिक ताणाचं नाव होतं ते उगाच नाही. सहकारी गरोदर असेल तर हा हिशेब तिच्यासाठी लगेच बदलायला हवा. पोट पुढे आलं की पेशंटचा भार अंगापासून दूर जातो, आणि तेवढंच वजन कमरेला जड होतं.

आता व्यायाम, जे तुम्ही विचारलं होतं. ते मी शेवटाकडे ठेवलंय, कारण व्यायामाने क्षमता वाढते, पण मात्रा अवाजवी असेल तर वाढलेली क्षमताही खर्चून जाते. तरी करायचा, आणि खरा करायचा. आपण पेशंटला देतो तसले पिवळ्या रबरी पट्टीचे व्यायाम तुम्हाला पुरणार नाहीत. तुमच्या कामात १६ किलोचा पाय येतो, तर सरावातलं वजन त्याहून बरंच जास्त हवं. जमिनीवरून वजन उचलणं, स्क्वॉट, एका हातात वजन घेऊन चालणं, ओढण्याचे व्यायाम, आणि बोटं-मनगट मागे नेणाऱ्या स्नायूंचं काम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. तेवढा नियम सांभाळलात तरी तुम्ही विभागातल्या बहुतेकांच्या पुढे असाल. अंगठा बरा होईपर्यंत जाड मुठीची वजनं किंवा मनगटाला बांधायचे पट्टे वापरा. कामाआधी दोन मिनिटं ताणण्याचे व्यायाम करून बरं वाटत असेल तर करा, पण त्याने दुखापत टळेल असं समजू नका.

दुखणं लेखी नोंदवा. तोंडी सांगितलेलं दुखणं तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही, आणि पुढे रजा किंवा कामात बदल मागायची वेळ आली तर कागदच बोलतो. सहकाऱ्याने येता-जाता केलेला उपचार हा उपचार धरू नका. बाहेरच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या फिजिओकडे पेशंट म्हणून जा. पायात मुंग्या किंवा कमजोरी उतरली, लघवी-शौचाच्या संवेदनेत फरक पडला, किंवा रात्रीची वेदना विश्रांतीनेही कमी होईना, तर थेट डॉक्टरांकडे. दुसऱ्याला सांगताना आपण हे क्षणात ओळखतो.

शाखा बदलण्याचं म्हणाल तर आत्ता नको. शाखा बदलली की दुखणं जातंच असं नाही, बरेचदा जागा बदलतं. ऑर्थो ओपीडीत अंगठा आणि मनगट, न्यूरोत कंबर आणि गुडघे, आयसीयूत पाठ आणि खांदे. तुमच्या बाबतीत गंमत अशी की अर्धा दिवस वॉर्ड आणि अर्धा ओपीडी ही रचना मुळात चांगली आहे, भार वेगवेगळ्या अवयवांत वाटला जातो. फक्त तिच्यातली जड कामं एका रांगेत लागलीत. आधी वही, मग टेबलाची उंची, अंगठ्याची सुट्टी आणि वेळापत्रकातले बदल, असं आठ-दहा आठवडे करून पाहा. कमरेत फरक पडेल असा माझा अंदाज आहे. अंगठ्याला जास्त वेळ लागतो. एवढं करूनही अंगठ्याचा मधला सांधा प्रत्येक दाबाला उलटा वळत राहिला, किंवा सकाळी बाटलीचं झाकण फिरवताना कळ येत राहिली, तर हातांवर चालणारी ओपीडी सोडून व्यायामावर चालणाऱ्या कामाकडे वळा. हृदय-फुफ्फुस पुनर्वसन, खेळाडूंचं स्ट्रेंथनिंग, दीर्घकालीन वेदनेचे क्लिनिक, यांत हातांचा जोर कमी लागतो. आणि विभाग वेळापत्रक बदलायला तयारच नसेल, सहा ट्रान्सफर एकट्यानेच करा म्हणत असेल, तर शाखा तीच ठेवून नोकरी बदला.